शांतता कमिटीचा चहा

गणपती आणि मोहरम जवळ आले की आमच्याकडे पोलीस ठाण्यात शांतता कमिटीची बैठक भरते. सांगली, मिरज, सातारा, कराड, विटा. कुठेही जा, बैठक तीच. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर महापुरुषांच्या तसबिरी, साहेबांच्या टेबलावरच्या काचेखाली बंदोबस्ताचा तक्ता. मंडळांचे अध्यक्ष, मशिदीचे ट्रस्टी, दोन-चार नगरसेवक, वीज कंपनीचा एक वैतागलेला माणूस, एखादे निवृत्त मुख्याध्यापक. ‘आपल्या शहराला सलोख्याची मोठी परंपरा आहे’ इथून सुरुवात, ‘सणाला गालबोट लागू नये’ इथे शेवट. मधे डीजे, मिरवणुकीचा मार्ग, अजानची वेळ, खड्डे आणि लोंबणाऱ्या तारा. मग चहा आणि ग्लुकोजची बिस्किटं.

शिकून आलेली पोरं या बैठकीला नाटक म्हणतात. नाटक आहेच. तिथे मनातलं कोणी बोलत नाही. ज्याला बोलायचं असतं तो बाहेर पानटपरीवर बोलतो. तरीही मला त्या नाटकाबद्दल आपुलकी आहे. पोलिटिकल करेक्टनेस या नावाने इंग्रजी वर्तमानपत्रांत जे भांडण चालतं, त्यात एक बाजू म्हणते की हल्ली काही बोलायची सोय राहिली नाही, दुसरी म्हणते की लोक अजून फारच वाटेल ते बोलतात. दोन्ही बाजूंचे लोक बहुतेक एकाच कॉलेजात शिकलेले असतात. आमच्या तालुक्याच्या गावात या विषयाचा कारभार पोलीस इन्स्पेक्टरकडे आहे आणि तो आलेल्या परिपत्रकाप्रमाणे पार पडतो. एरवी एकमेकांच्या गल्लीत पाऊल न टाकणारी दोन माणसं त्या दिवशी शेजारच्या खुर्च्यांवर बसतात, घामाघूम होतात, आणि निघताना एकमेकांचा मोबाईल नंबर घेतात. रात्री अकराला चौकात मिरवणूक अडली की भाषणातली परंपरा कोणाला आठवत नाही. तो नंबर मात्र लागतो.

मिरज हे या बाबतीत अवघड गाव आहे, कारण तिथे सलोखा दाखवणं फार सोपं आहे. बाहेरगावचा पाहुणा आला की आम्ही त्याला ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात नेतो. उरुसातला पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो, हे सांगतो. आवारातच अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. उत्तरेतल्या कैरान्याचा हा माणूस मिरजेत येऊन राहिला, 1937 साली गेला, आणि उरुसात अजून त्यांच्या नावाने गाण्याच्या रात्री होतात. मग सतारमेकरांची गल्ली. सतारी करणाऱ्या शिकलगारांचे पूर्वज हत्यारांना धार लावत, तेच हात पुढे तंबोऱ्याच्या भोपळ्याकडे वळले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पाहुणा भारावतो. दोन तासांत सगळं दाखवून होतं.

त्याच मिरजेत सप्टेंबर 2009 मध्ये एका स्वागत कमानीवरून दंगल झाली. मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीतल्या कमानी प्रसिद्ध आहेत. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत उंचच उंच, एकीपेक्षा दुसरी मोठी. त्या वर्षी एका कमानीवर अफझलखानाच्या वधाचं चित्र होतं. त्यावरून वाद, वादातून दगडफेक, मग संचारबंदी. लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत गेलं. गणपतींचं विसर्जन खोळंबलं. विधानसभेची निवडणूक महिनाभरावर आली होती, हेही नोंदवून ठेवतो. त्यावर भाष्य करायला सांगली जिल्ह्यातला माणूस लागत नाही.

त्या चित्राविषयी मी इतक्या वर्षांत इतक्या लोकांशी वाद घातला आहे की दोन्हीकडचे मुद्दे पाठ झाले आहेत. चित्र लावूच नका, हे मला पटत नाही. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडलं ते घडलं. आमच्या जिल्ह्यांत ते चित्र शाळेच्या भिंतीवर असतं, इतिहासाच्या पुस्तकात असतं, आणि ते पुस्तक मुसलमान घरातल्या पोरानेही पाठ केलेलं असतं. खान विजापूरच्या आदिलशहाचा सरदार होता, मिरजेतल्या बागवानांचा आजोबा नव्हता. त्याच्या मरणाचं सुतक या बागवानांनी का पाळावं? आणि त्यांनी ते पाळलंच पाहिजे असं गृहीत धरून, मुद्दाम त्यांच्या दारासमोर चित्र उभं करणाऱ्याला तरी हे सुतक त्यांच्या गळ्यात बांधायचा अधिकार कोणी दिला?

इथे कोणीतरी हमखास सिद्दी इब्राहिमचं नाव काढतो. महाराजांच्या दहा अंगरक्षकांत तो होता; उलट खानाचा वकील कृष्णाजी भास्कर हा वाईचा ब्राह्मण; खानाची कबर महाराजांनीच बांधू दिली. सगळं खरं आहे. मीही हे पुष्कळदा सांगितलं आहे, पण हल्ली सांगावंसं वाटत नाही. महाराजांच्या पदरी मुसलमान किती होते याची यादी दाखवून आजच्या शेजाऱ्याशी नीट वागण्याची परवानगी काढायची, हे लाजिरवाणं आहे. समजा, 1659 साली त्यांच्या बाजूला एकही मुसलमान नसता. मग 2009 साली शेजारच्या माणसाच्या दुकानावर धोंडा मारणं योग्य ठरलं असतं का?

मला वाटतं, प्रश्न चित्राचा नाहीच. ते रंगवताना पेंटरची आणि मंडळाची नजर महाराजांकडे होती की समोरच्या गल्लीकडे, एवढाच आहे. अभिमान ज्याचा आहे त्याच्याकडे बघत असतो तोवर तो माणसाला ताठ करतो. तो मान वळवून ‘आता याचं तोंड कसं होतंय’ हे बघायला लागला की महाराज बाजूला राहतात. ही नजर मंडळालाही ठाऊक असते आणि गल्लीलाही. परिपत्रकात तेवढी लिहिता येत नाही.

प्रतापगडाचंच आणखी एक प्रकरण आहे. 30 नोव्हेंबर 1957 रोजी गडावरच्या शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण पंडित नेहरूंनी केलं. तुरुंगातून मुलीला लिहिलेल्या पत्रांच्या ग्रंथात नेहरूंनी अफझलखान प्रकरणावरून महाराजांविषयी जे लिहिलं होतं ते महाराष्ट्राला झोंबलं होतं. पुढच्या आवृत्तीत त्यांनी ते बदललं. पण लोक विसरले नव्हते. त्यात संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटलेला, शंभरावर माणसं गोळीबारात गेलेली. संयुक्त महाराष्ट्र समितीने ठरवलं की पंतप्रधानांना काळे झेंडे दाखवायचे. हजारो माणसं गडाच्या वाटेवर दुतर्फा उभी राहिली. एवढ्या जमावात दंगा झाला नाही.

त्या गर्दीत कोण होतं? हा जुना सातारा जिल्हा, म्हणजे आजचा सांगलीही त्यात. इथे 1942 नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं होतं. गावोगाव न्यायदान, दरवडेखोरांचा बंदोबस्त, कमी खर्चाची गांधी-लग्नं. 9 सप्टेंबर 1942 ला वडूजच्या मामलेदार कचेरीवर तिरंगा घेऊन निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. त्या तिरंग्यासाठी ज्यांनी घरदार सोडलं त्यांच्याच गावची माणसं पंधरा वर्षांनी देशाच्या पंतप्रधानासमोर काळं फडकं धरून उभी होती. त्याच 1957 साली सातारकरांनी नाना पाटलांना लोकसभेत पाठवलं, तेही कम्युनिस्ट म्हणून. आणि पाहुण्यांचं स्वागत करायला पुढे होते यशवंतराव चव्हाण, देवराष्ट्र्याचे. तेही 1932 साली कराडला झेंडा लावला म्हणून अठरा महिने तुरुंगात बसून आलेले. फलटणच्या सभेत त्यांनी संयुक्त महाराष्ट्रापेक्षा नेहरूंना वर ठेवलं आणि त्यासाठी भरपूर शिव्या खाल्ल्या. 1957 च्या निवडणुकीत कराडमधून ते जेमतेम निवडून आले. आता यातला देशभक्त कोण आणि देशद्रोही कोण, हे मला कोणीतरी सांगावं.

त्या काळात हा प्रश्न खरोखर विचारला गेला होता, आणि तो आपल्याला विचारला गेला होता. मराठी राज्य मागणारे संकुचित आहेत, प्रांतीय आहेत, नुकत्याच जुळलेल्या देशाच्या एकीला सुरुंग लावतायत, असं दिल्लीतून आणि मुंबईच्या बड्या पेढ्यांवरून उघड बोललं जाई. आमच्या आधीच्या पिढीने तो आरोप ऐकला, रागावली, आणि आपला देशाभिमान कोणाला सिद्ध करून दाखवायला नकार दिला. पाच वर्षांनी चीनचं आक्रमण झालं तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणून आपण यशवंतरावांचं कौतुक केलं. त्या पिढीच्या नातवंडांनी आज दुसऱ्या कोणाला तरी उभं करून घोषणा म्हणून दाखवायला सांगावं, याचं मला नवल वाटतं. राग म्हणत नाही, रागावण्याची माझी तेवढी प्रकृती राहिलेली नाही.

सातारा तालुक्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात, कारण घराघरातून माणूस फौजेत. पहिल्या महायुद्धात या एका गावची 46 माणसं मारली गेली आणि इंग्रज सरकारने त्यांच्या स्मरणार्थ गावात दगड बसवला. ही माणसं कोणासाठी मेली? लंडनच्या राजासाठी. गावाला त्याची लाज नाही, आणि लाज वाटावी असं मलाही वाटत नाही. पगार होता, पेन्शन होती, इमान होतं, आणि दुष्काळी कपाळावर दुसरं काय लिहिलेलं होतं? स्वातंत्र्यानंतरही तीच घरं फौजेत जात राहिली. तिथल्या माणसांना देशप्रेमावर बोलताना मी फारसं ऐकलेलं नाही. ते रजेचं, बदलीचं, कँटीनच्या सामानाचं आणि पेन्शनच्या फरकाचं बोलतात. देशप्रेमावर बोलणारे आमच्याकडे बहुतेक फौजेत न गेलेले असतात.

फौजेचाच विषय निघाला म्हणून मसूरचं स्टेशन आठवलं. 1901 साली सुभेदार रामजींची मुलं-नातवंडं साताऱ्याहून आगगाडीने वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाली आणि मसूरला उतरली. कपडे चांगले, टोप्या चांगल्या. जात कळेपर्यंत स्टेशनमास्तर गोड बोलत होता. मग दुप्पट भाडं देऊनही गाडीवान गाडीत बसून हाकायला तयार होईना. गाडी पोरांनीच हाकली. रस्त्यात प्यायला पाणी मिळालं नाही. त्यातला नऊ-दहा वर्षांचा मुलगा म्हणजे पुढचे बाबासाहेब, ज्यांनी हे सगळं स्वतः लिहून ठेवलं. इंग्रजी फौजेतल्या सुभेदाराची ही पोरं होती. मसूर कराड तालुक्यातलं, यशवंतरावांच्या कराडपासून हाकेच्या अंतरावर. आमच्या अभिमानाच्या नकाशात वडूज आहे, प्रतापगड आहे, अपशिंगे आहे. मसूर मला कोणत्याही मिरवणुकीतल्या देखाव्यात अजून दिसलेलं नाही.

शांतता कमिटीतही या गोष्टी निघत नाहीत, आणि त्याचं कारण समजू शकतं. तिथे ‘48 ची जाळपोळ’ही निघत नाही. गांधींच्या खुनानंतर सातारा-सांगली भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, काही माणसं मारली गेली, आणि हे करणाऱ्यांच्या तोंडी महात्म्याचा जयजयकार होता. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ त्याच वणव्याची कादंबरी आहे. कित्येक कुटुंबं गाव सोडून पुण्या-मुंबईला गेली. काहींना शेजाऱ्यांनी कणगीत, गोठ्यात लपवलं, असंही जुने लोक सांगतात. अहिंसेच्या नावाने घर पेटवता येतं, हे आमच्या जिल्ह्याने देशाच्या आधी सिद्ध करून ठेवलं आहे. मग कुठल्याही थोर नावाने काहीही पेटवता येईल यात नवीन काय? 10 सप्टेंबर 2023 ला खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या मजकुरावरून जमाव मशिदीत शिरला आणि एका तरुणाचा जीव गेला. पुसेसावळीपासून वडूज फार लांब नाही.

वर्तमानपत्रांना यावर उतारा लागतो, म्हणून दर गणपतीत गोटखिंडीची बातमी येते. वाळवा तालुक्यातल्या या गावात चाळीसहून अधिक वर्षं मशिदीत गणपती बसतो. कडेगावच्या मोहरमचीही येते, तिथले आभाळाला भिडणारे ताबूत आणि ते उचलणारे हिंदू हात. मला ही गावं मनापासून आवडतात, पण दरवर्षी त्यांनाच साक्षीला उभं करणं मला बरं वाटत नाही. गोटखिंडीत त्यांनी हे कोणाला दाखवायला सुरू केलं नव्हतं. पावसात मूर्ती भिजू नये एवढाच हेतू होता असं सांगतात. आता कॅमेरे येतात. त्याच वाळवा तालुक्याचं ठाणं इस्लामपूर. 2025 च्या जुलैत सरकारने त्याचं ईश्वरपूर केल्याचं जाहीर केलं. 1942 च्या सप्टेंबरात तिथे मोर्चावर गोळ्या चालल्या तेव्हा पडलेल्या दोघांत एक पंड्या नावाचे किर्लोस्करवाडीचे गुजराती इंजिनिअर होते. आपण कुठल्या नावाच्या गावात मरतोय याचा विचार त्यांनी केला असेल असं वाटत नाही.

अभिमान आणि गरज यांची गाठ पडली की काय होतं ते जतने दाखवलं. नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी जत तालुक्यातल्या चाळीसेक गावांवर हक्क सांगितला. महाराष्ट्रात संतापाची लाट. सीमाप्रश्न, बेळगाव, हुतात्मे, सगळं एकदम वर आलं. जतच्या पूर्व भागात मात्र काही गावांत कर्नाटकाचे झेंडे दिसले. तिथे घराघरात कन्नड बोलतात हे खरं, पण मूळ दुखणं पाण्याचं. वर्षानुवर्षं टँकर, म्हैसाळ योजनेचं पाणी येणार येणार म्हणून केस पांढरे झालेले, आणि पलीकडे हाकेवर कर्नाटकाचा कालवा वाहताना दिसतोय. सांगलीतल्या माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी त्या गावकऱ्यांना गद्दार ठरवलं. त्यांच्या घरी चोवीस तास कृष्णेचं पाणी. झेंडे दिसल्यावर विस्तारित म्हैसाळ योजनेची चक्रं भराभर फिरली, हेही सगळ्यांनी पाहिलं. त्या गावकऱ्यांनी मुंबईला नेमकं काय दाखवलं, देशद्रोह की घागर, याचं उत्तर मंत्रालयाला तरी लगेच कळलं.

आता एक शेवटचं, आणि ते माझ्या वर्गमित्राचं. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, खटाव, माण हा सगळा दुष्काळी पट्टा. इथली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली. केरळ, तमिळनाडू, पंजाब, उत्तर प्रदेश, कोलकाता. बाजारपेठ आहे तिथे एखाद्या गल्लीत भट्टी लावलेला आमच्याकडचा माणूस सापडतोच. हा मित्र तमिळनाडूत आहे. बायको तिथल्या बाजारात तमिळमध्ये घासाघीस करते. पोरांची शाळा तमिळ; मराठी बोलतात, पण त्यातली क्रियापदं विट्याची आणि हेल तिकडचा. त्या शहरातल्या गलाईवाल्यांचं मंडळ आहे, गणपती बसवतं, शिवजयंती करतं. त्याने मला मिरवणुकीचे फोटो दाखवले. रथावर राज्याभिषेकाचा देखावा होता. खाली दोन ओळी, एक मराठीत, एक तमिळमध्ये. पुढे नादस्वरम, मागे आपला ढोल.

मी सहज विचारलं, अफझलखान नाही का ठेवला?

“तिकडं कशाला?” तो म्हणाला. “बाजूला मशीद हाय. समोर त्यांची माणसं राहत्यात, गिऱ्हाईकं बी तीच. आनि तमिळ लोकांला लढाई दावून काय करायचं? राज्य कसं केलं ते दावायचं. पोलीस बी खूश, आमी बी खूश.”

त्या वर्षी गावाकडच्या मंडळाच्या कमानीला त्याने सगळ्यात मोठी वर्गणी पाठवली होती; त्या कमानीवर वधाचंच चित्र होतं. मी ते काढलं, तेव्हा तो ओशाळला नाही, चिडलाही नाही. मोबाईल खिशात टाकत म्हणाला, “आरं, तिकडं आमी दोनशे घरं. गावाकडं आपलंच हाय की सगळं.”

गावाकडे मुसलमानांची किती घरं आहेत, असं मी विचारलं. त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली, आडनावांनी, घरांनी, कोण शाळेत बरोबर होतं, कोणाच्या लग्नात कोण वाढपी होतं, आणि मोजता मोजता तो दुसऱ्याच कुठल्या गोष्टीत शिरला.